चोवीस तासांच्या कामाला मुंबईत जाताना: बाळ सांभाळणाऱ्या बाईसाठी

परभणी, यवतमाळ, सोलापूर, रत्नागिरी, कुठूनही या, मुंबईत ‘चोवीस तासांचं काम’ म्हटलं की अर्थ एकच: बाळ तुमच्या हाती आणि राहणं त्याच घरात. पगार बारा तासांच्या बाईपेक्षा जास्त, शिवाय खोलीचं भाडं आणि जेवण वाचतं. पण काम सुटलं की त्याच दिवशी डोक्यावरचं छप्परही जातं. म्हणून गाडीत बसण्याआधी काय ठरलं आणि पोचल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत काय बोलून घेतलं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. पंधरा दिवसांनी बाळाचा लळा लागतो. एकदा लळा लागला की पगार-सुट्टीचं बोलणं जिभेवर येत नाही, आणि हे समोरच्यांनाही ठाऊक असतं.

फोनवरच विचारून घ्या

काम ब्युरोमार्फत, म्हणजे कमिशन घेऊन काम लावून देणाऱ्यांकडून, मिळालं असेल तरी बाळाच्या आईशी एकदा स्वतः बोला. बाळ किती महिन्यांचं? एकच की जुळी? रात्री कोण उठणार? झोपायला जागा कुठे? घरात झाडू-भांडी, स्वयंपाकाला वेगळी बाई आहे का? ‘फक्त बाळाचं काम’ म्हणजे बाळाचे कपडे, बाटल्या, बाळाचं खाणं आणि बाळाची खोली. तेवढंच असेल तर तसं त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. वरकामाची बाई नसलेल्या घरात महिनाभरात भांडी तुमच्याकडे येतात, हे धरून चाला आणि पगार त्या हिशोबानं बोला. आधीची बाई का गेली, हेही विचारा. ‘तिला काम जमलं नाही’ एवढंच उत्तर आलं तर सावध व्हा. ‘लग्न ठरलं’, ‘सासू आजारी पडली’ अशी कारणं निदान तपासता येतात.

ब्युरोवाल्याला तीन गोष्टी विचारा: कमिशन कोणाकडून कापणार, एकदाच की दर महिन्याला, आणि ट्रायलच्या दिवसांत काम सुटलं तर त्या दिवसांचा पगार कोण देणार. उचल शक्यतो घेऊच नका. वीस हजार उचल घेतलेल्या बाईला वाईट घर सोडून निघणं फार जड जातं.

परतीचं भाडं आणि वर हजार रुपये असे पैसे वेगळे बांधून ठेवा आणि ते कशालाही मोडू नका. घराचा पूर्ण पत्ता आणि बाईंचा, म्हणजे बाळाच्या आईचा, नंबर गावाकडे दोघांजवळ लिहून ठेवा. एकाचा फोन बंद पडतोच.

पिशवीत काय

आधार, बँकेचं पासबुक, रेशनकार्ड यांच्या झेरॉक्स आणि सहा पासपोर्ट फोटो घ्या. घरमालक पोलीस ठाण्यात तुमची माहिती देतात, त्याला आधारची झेरॉक्स आणि फोटो पुरतो. मूळ कागद कोणाच्याही ताब्यात देऊ नका. ‘आमच्या कपाटात सुरक्षित राहील’ हे प्रेमानं म्हटलं तरी नको. झेरॉक्सवर ‘फक्त पोलीस पडताळणीसाठी’ असं लिहून तारीख टाका.

आधारला जोडलेला मोबाइल नंबर मुंबईत येऊन बदलू नका. लाडकी बहीणचे पंधराशे, बँक, ई-श्रम (असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी), सगळ्याचा ओटीपी त्याच नंबरावर येतो. सिम गावी मुलाच्या फोनमध्ये असेल तर ते काढून स्वतःच्या फोनमध्ये घाला. रेशनची ई-केवायसी राहिली असेल तर त्यासाठी गावी जायची गरज नाही. मुंबईतल्या ई-पॉस मशीन असलेल्या रेशन दुकानात अंगठा लावून ती होते.

कपडे सुती, आणि दोनऐवजी चार-पाच जोड. मराठवाडा-विदर्भाची हवा कोरडी, तिथं तासात वाळणारं लुगडं इथं जुलै महिन्यात दोन दिवस ओलं राहतं. ओलसर कपडा अंगावर राहिला की जांघेत, काखेत गजकर्ण होतं, आणि तेच अंग बाळाला लागतं. साडीपेक्षा सलवार-कुर्ता बरा, कारण बाळ कडेवर असताना साडीची सेफ्टी पिन उघडली तर ती सरळ त्याच्या गालाला लागते. काचेच्या बांगड्या, खड्याची अंगठी, लोंबते कानातले घरीच ठेवा. मंगळसूत्र घालायचंच असेल तर आखूड घाला, कारण पाच महिन्यांचं पोर ओढून तोडतं आणि मणी तोंडात घालतं. स्वतःची रोजची औषधं महिनाभराची घ्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. आणि पिशवीला एक छोटं कुलूप. ते तुमच्या सामानापेक्षा तुमच्या नावाला जास्त सांभाळतं.

उतरायचं कुठे, हे आधी विचारा. नागपूर, नांदेड, सोलापूरकडच्या गाड्या कल्याणवरून येतात. काम डोंबिवली-ठाण्याला असेल तर गाडी थांबत असल्यास कल्याण किंवा ठाण्यालाच उतरा, उगाच सीएसएमटी गाठून उलटं येऊ नका. बोरिवली-अंधेरीकडे जायचं असेल तर दादरला उतरून पश्चिम रेल्वे पकडायची. पहिल्यांदा येताना सकाळी पोचणारी गाडी धरा आणि घ्यायला कोण येणार, हे नावानिशी ठरवा.

पहिला दिवस: दार, गेट, पत्ता

सोसायटीच्या गेटवर तुमचं नाव चढवावं लागतं, कुठे रजिस्टरमध्ये, कुठे मोबाइल अॅपवर फोटो काढून. ते पहिल्याच दिवशी करून घ्या, नाहीतर बाळाला बागेत नेऊन परतताना वॉचमन अडवतो.

मग दाराकडे बघा. फ्लॅटच्या दाराला लॅच असतं, म्हणजे वाऱ्यानं दार आपटलं की बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. कचऱ्याची बादली ठेवायला बाई दोन पावलं बाहेर गेली, दार लागलं, आत पाळण्यात बाळ आणि गॅसवर दूध, असा प्रसंग या शहरात कुठे ना कुठे घडतच असतो. नियम एकच: मोठं दार उघडायचं तर किल्ली गळ्यात हवी किंवा बाळ कडेवर हवं. किल्ली देत नसतील तर शेजाऱ्यांकडे एक ठेवायला सांगा. यात संकोच करू नका, मागणी बाळासाठी आहे.

बाथरूममधली भरलेली बादली रांगत्या बाळाला पुरेशी धोक्याची असते. वीतभर पाण्यातही बाळ बुडतं, कारण डोकं जड असतं आणि ते स्वतःला मागे ओढू शकत नाही. बादली पालथी ठेवायची सवय लावा. आंघोळीच्या पाण्यात आधी थंड, मग गरम घाला आणि कोपर बुडवून बघा. काम करून करून राठ झालेल्या बोटांना गरमपणा कळत नाही.

पत्ता तोंडपाठ करा: इमारतीचं नाव, विंग, मजला, फ्लॅट नंबर, जवळची खूण, आणि स्टेशनच्या पूर्वेला की पश्चिमेला. मुंबईत हे शेवटचं चुकलं तर रिक्षा रुळांच्या भलत्याच बाजूला नेऊन सोडते. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस आणि कुठल्याही संकटासाठी ११२, महिलांसाठी १८१. हे तीन नंबर, बाळाच्या आईवडिलांचे आणि बाळाच्या डॉक्टरांचे नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजला लावा. घाबरलेल्या हाताला मोबाइलमधलं नाव सापडत नाही.

पंधरा दिवसांच्या आत बोलायचं

बाळ झोपलेलं आणि त्याची आई निवांत असताना हे बोला. सासूबाईंसमोर नको, घाईच्या वेळी तर नकोच. एका कागदावर पाच ओळी: पगार किती आणि कुठल्या तारखेला, महिन्यात सुट्ट्या किती, रात्रीचं काम कसं, झोपायची जागा कुठली, काम सोडायचं किंवा सोडवायचं तर किती दिवस आधी सांगायचं. त्याचा फोटो दोघींच्या फोनमध्ये. स्टॅम्प पेपर वगैरे लागत नाही. दोघींना तेच आठवावं, एवढ्यासाठी तो कागद.

सर्वांत जास्त खडाजंगी झोपेवरून होते. दोन महिन्यांचं बाळ रात्री दर दोन-तीन तासांनी उठतं. रात्र तुमच्याकडे असेल तर दिवसा सलग दोन तास तरी झोप हवी, आणि त्या वेळात बाळ दुसऱ्या कोणाकडे. ‘बाळ झोपलं की तूही झोप’ हे ऐकायला गोड लागतं, पण बाळ झोपल्यावरच बाटल्या उकळायच्या आणि दुपटी धुवायची असतात. झोप मोडलेल्या बाईच्या हातून बाळ निसटतं, औषधाचा डोस दोनदा जातो. विषय असाच मांडा, म्हणजे तो आळसाचा वाटत नाही.

जेवणाची वेळ ठरवून घ्या. ‘सगळ्यांचं झालं की’ म्हणजे रात्रीचे अकरा. सुट्टी आठवड्याला एक घ्यावी की महिन्याच्या चार साठवून गावी जावं, हे तुमचं गाव किती लांब यावर. नांदेड-नागपूरवाल्यांना साठवणंच परवडतं, पण साठवलेल्या सुट्ट्या कागदावर मांडत चला, नाहीतर तिसऱ्या महिन्यात त्या कोणालाच आठवत नाहीत.

पगार खात्यात घ्या. ‘आमच्याकडे जमा राहू दे, एकदम देऊ’ याला नम्रपणे नाही म्हणा. खातं आहेच तर बँकेत पंतप्रधान योजनेतल्या दोन विम्यांचे फॉर्म भरा: सुरक्षा विम्याला वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला २ लाख, जीवनज्योती या आयुर्विम्याला वर्षाला ४३६ रुपये, वय १८ ते ५०. घरेलू कामगार कल्याण मंडळ राज्यात २००८च्या कायद्यानं आहे. १८ ते ६० वयाच्या बाईची नोंदणी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात होते. त्याला तुम्ही काम करता असं मालकांचं पत्र लागतं, तेही याच दिवसांत मागा.

भाषा, तुमची आणि बाळाची

विदर्भातली बाई ‘बाळ दूध पिऊन राहिलं’ म्हणते तेव्हा ते आत्ता पितंय. मुंबईच्या कानाला मात्र ते काहीतरी संपल्यासारखं ऐकू येतं. म्हणून बाळाचं सांगताना आकड्यात सांगा: ‘पाच वाजता साठ मिली प्यायलं, साडेपाचला झोपलं.’ घर हिंदी बोलणारं असेल तर एक शब्द जपून: ‘कल’. आपल्या कानाला तो ‘काल’ वाटतो, हिंदीत तो उद्याही असतो. ‘कल टीका है’ ऐकून लस कालच झाली, असं समजून बसलात तर लसीची तारीख चुकते. जुलाबाला ‘दस्त’ किंवा ‘लूज मोशन’.

बाळाचे शब्द घरोघरी वेगळे. आपल्याकडे भूभू म्हणजे कुत्रा, गुजराती घरातलं पोर ‘भू’ म्हणतं ते पाणी मागायला. पोर रडत असतं आणि नवी बाई खिडकीतून कुत्रा दाखवत बसते. पाणी, खाणं, शू, शी, झोप आणि दुखणं, एवढ्या सहांचे शब्द पहिल्या दिवशी आईला विचारून घ्या. तुम्ही मराठीत बोललात, अंगाई म्हटलीत तर बहुतेक घरांना चालतं. तरी विचारलेलं बरं.

जैन घर असेल तर कांदा, लसूण, बटाटा, गाजर नाही आणि काही घरांत सूर्यास्तानंतर जेवण नाही. गावाहून येताना पिशवीत सुकट-बोंबील आणू नका, लसणाची चटणीही नको. संध्याकाळी लवकर जेवून रात्रभर बाळाला उठायचं तर रात्री नऊला दूध किंवा काही खायला मिळेल का, हे आधीच विचारा.

गावची रीत आणि इथले डॉक्टर

तुम्ही चार पोरं वाढवलेली असतील. तरी मालीश, घुटी, धुरी, काजळ यांतलं काहीही न विचारता करू नका. मालीश बहुतेक डॉक्टरांना मान्य असते, फक्त दूध पाजल्यावर लगेच नको, नाहीतर ओकतं. नाका-कानात तेल घालायचं नाही, कारण नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. धुरीच्या धुरानं बाळाला धाप लागते. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशीही नको. बाळ पाठीवर, सपाट गादीवर झोपवायचं, आसपास उशा-गोधड्यांचा ढीग नको. सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणीही नाही, मध वर्षभर नाही. बोटावर चाटवण्यापुरताही नाही.

डब्याच्या दुधात चुका सगळ्यांत जास्त. बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं माप असतं, पण डबा बदलला की पुन्हा वाचून घ्या. पाणी उकळून थोडं निवू द्या, तरी चांगलं गरम असतानाच बाटलीत आधी पाणी मोजा, मग पावडर घाला. चमचा त्याच डब्यातला, वरून सुरीच्या पाठीनं सपाट केलेला. मग बाटली गार पाण्यात धरून कोमट करा आणि मनगटावर थेंब टाकून बघा. पोट भरावं म्हणून एक चमचा जास्त घातला तर बाळाला बद्धकोष्ठ होतं, मूत्रपिंडावर ताण येतो. डबा पुरवायला पातळ केलं तर वजन वाढत नाही. प्यायला लागून तास झाला की उरलेलं ओतून द्या. आईचं काढलेलं दूध मुंबईच्या उकाड्यात बाहेर न ठेवता लगेच फ्रीजमध्ये, दारात नाही तर आतल्या बाजूला, डब्यावर तारीख-वेळ लिहून. चार दिवसांच्या आत वापरायचं, आणि गरम करताना मायक्रोवेव्ह नाही, गरम पाण्याच्या वाटीत ठेवायचं.

तापाच्या औषधाचं एक नीट समजून घ्या. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप या दोन वेगळ्या गोष्टी. थेंबांच्या बाटलीत साधारणपणे एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपच्या पाच मिलीत १२० किंवा १२५. म्हणजे थेंब चौपट कडक. सिरपचं माप थेंबांच्या बाटलीतून भरलं तर बाळाला चौपट औषध जातं. बाटली आईला दाखवून, मिलीत विचारून, वहीत वेळ लिहून मगच द्या. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला तर घरी औषध देत बसायचं नाही, लगेच डॉक्टर.

जुलाबात ओआरएस द्यायला सांगितलं तर पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात, मोठं पाकीट एक लिटरला. अर्धं पाकीट अंदाजानं मिसळू नका. केलेलं पाणी चोवीस तासांनी फेका.

वर्षाखालच्या बाळाच्या घशात काही अडकलं, आवाज निघेना, ओठ निळे पडू लागले तर: पुढच्या हातावर पालथं धरा, डोकं खाली. दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेनं पाच थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेनं पाच दाब. आलटून पालटून करत राहा, कोणाला तरी १०८ लावायला सांगा. बाळ निपचित पडलं तर तुम्हीच फोन स्पीकरवर टाकून ते सांगतील तसं करा. न दिसणारी वस्तू काढायला तोंडात बोट घालू नका, ती आणखी आत जाते.

बाग, आणि बिनसलं तर

संध्याकाळी पाच ते सात सोसायटीच्या बागेत बाकीच्या बाया भेटतात. पगाराचा खरा भाव, कुठलं घर चांगलं, कुठला ब्युरो पैसे बुडवतो, हे तिथंच कळतं. विचारा सगळं, पण आपल्या घरातलं भांडण, दागिने, कोण कधी गावाला जाणार, हे बोलू नका. तुमच्या तोंडून निघालेलं तासाभरात सोळाव्या मजल्यावर पोचतं.

हॉलमध्ये, बाळाच्या खोलीत कॅमेरा असतो, तो धरून चाला. तुम्ही कपडे बदलता तिथं आणि बाथरूममध्ये तो असता कामा नये. तुम्हाला बाळाच्याच खोलीत झोपायचं असेल तर कपडे बदलायची जागा वेगळी मागा. घरातल्या पुरुषाकडून त्रास झाला तर २०१३चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा घरकामगारांनाही लागू आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांत. अंगावर बेतलं तर वाट न पाहता ११२. चोरीचा आळ आला तर तुमची पिशवी तुमच्यासमोर, दुसऱ्या साक्षीदारासमोरच उघडू द्या. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा नाही.

सुट्टीवर निघताना

आठ-नऊ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचं पोर तुम्ही दिसेनाशा झालात की आकांत करतं. चोरून निघू नका, नाहीतर परत आल्यावर ते दिवसभर पदर सोडत नाही. तीन दिवस आधीपासून झोपवणं आणि एक वेळचं भरवणं आईकडे द्या, तुम्ही बाजूला बसा. निघताना तोंडावर टाटा करा. बाळाच्या वेळा आणि औषधं लिहिलेली वही आईच्या हातात द्या.

दिवाळीच्या रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि लगेच भरतं, म्हणून सुट्टीच्या तारखा गणपतीच्या आधी ठरवून घ्या. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, २०२३च्या मार्चपासून. गाडी मात्र एसटीचीच हवी, खासगी ट्रॅव्हल्सना ही सवलत नाही. परतीचं तिकीट त्याच वेळी काढा आणि त्याचा फोटो बाईंना पाठवून द्या. नाहीतर तिसऱ्या दिवसापासून ‘कधी येणार’ म्हणून रोज फोन येतो आणि त्या आठवड्यात तुमच्या जागी दुसरी बाई बघितली जाते.